२६८८ हुकांचा ग्राफ, फोर-के मॉनिटर आणि २०१४ चा संगणक

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक चादर-टॉवेलचा कारखाना. मागावर नक्षी विणण्यासाठी उभे धागे उचलणारं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जकार्ड, २६८८ हुकांचा, म्हणून डिझाइनचा ग्राफही २६८८ घरं रुंद. एक घर म्हणजे एक हुक, आणि पडद्यावर एक पिक्सेल. डिझाइन खोलीतला मॉनिटर मात्र २४ इंची, १९२० × १०८० चा. एकास एक आकारात ग्राफ उघडला की ७६८ घरं पडद्याबाहेर राहायची. सगळा ग्राफ पडद्यात बसवला तर २६८८ ची १९२० होतात, म्हणजे दर सात घरांतली पाचच दिसतात. बाकीची दोन शेजारच्या घरात मिसळतात किंवा गळून जातात. एका हुकाची चूक किंवा लांबलेला फ्लोट (मधे न गुंतता सुटा राहिलेला धागा) नेमका अशा घरात असला, तर पडद्यावर त्याचा पत्ता लागत नाही. तो कळतो थेट मागावर, सूत वाया गेल्यावर.

म्हणून मालकांनी २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला: ३८४० × २१६०, आयपीएस पॅनल, मागे एक टाइप-सी, दोन एचडीएमआय २.० आणि एक डिस्प्लेपोर्ट १.४. निवड अगदी बरोबर होती. २५६० × १४४० चा मॉनिटर स्वस्त पडला असता, पण त्यातही १२८ घरं बाहेरच राहतात. ३८४० मध्ये पूर्ण ग्राफ मावून बाजूला ११५२ पिक्सेलची जागा उरते, तिथे रंगपट्टी आणि बांधणीची (उभे-आडवे धागे कसे गुंफायचे त्याची) यादी ठेवता येते. अडचण मॉनिटरमध्ये नव्हतीच. ती होती त्याच्या आणि संगणकाच्या मधल्या वाटेत.

संगणक २०१४ चा, सुटे भाग जोडून बनवून घेतलेला: इंटेल आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, विंडोज १० आणि जुनं जकार्ड डिझाइन सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरचा यूएसबी डाँगल (परवान्याची चावी) याच यंत्रावर चालतो, त्यामुळे संगणक बदलणं म्हणजे सॉफ्टवेअरही नव्याने घेणं. हा खर्च मॉनिटरच्या कित्येक पट. संगणक ठेवायचाच, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. मागच्या बाजूला तीन पोर्ट होते: व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय. डिस्प्लेपोर्ट नाही, टाइप-सी नाही. मॉनिटर मागवण्याआधी ही मागची पट्टी नीट वाचली असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

मॉनिटरच्या खोक्यात सी-टू-सी केबल आणि डिस्प्लेपोर्ट केबल होती, एचडीएमआयची नव्हती. पहिला प्रयोग झाला तो साध्या यूएसबीपासून टाइप-सीपर्यंत जाणाऱ्या केबलचा. मॉनिटरचा यूएसबी हब जागा झाला, माउस चालू झाला, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’. हे असंच होणार. टाइप-सीमधून चित्र जातं ते डिस्प्लेपोर्टचा सिग्नल त्या तारांमध्ये घातलेला असेल तेव्हाच, आणि त्यासाठी संगणकाच्या पोर्टला ‘डीपी ऑल्ट मोड’ लागतो. चौकोनी यूएसबी पोर्टमधून फक्त डेटा येतो. नव्या यंत्रांतही टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे चित्र येईलच असं नाही. पोर्टजवळ डीपीचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह आहे का ते पाहायचं, नाहीतर मॅन्युअल उघडायचं.

मग एचडीएमआय केबल आणली. चित्र आलं, ३८४० × २१६० आलं, आणि सगळे खूश झाले. काम सुरू केल्यावर मात्र माउसचा बाण मागे मागे राहू लागला, ग्राफ सरकवताना धक्के बसू लागले. सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला येणारी चित्रं, ३० हर्ट्झ होता, आणि यादीत त्याहून मोठा आकडा नव्हता. केबल बदलली, तरी तेच.

इथे हिशेब मांडावा लागतो. पडद्यावर दिसतात ३८४० × २१६० पिक्सेल, पण प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी मोकळी जागाही तारेतून जात असते. ती धरून प्रमाणित आकार होतो ४४०० × २२५०. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे ४४०० × २२५० × ६० = ५९.४ कोटी, अर्थात ५९४ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक. ३० चित्रांना लागतात २९७. एचडीएमआय १.४ ची कमाल मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ आहे, म्हणून ३० चालतं आणि ६० चालत नाही. एचडीएमआय २.० मध्ये ही मर्यादा ६०० वर गेली, त्यात ५९४ जेमतेम बसतं. या मदरबोर्डाचा डीव्हीआय तर १६५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे १९२० × १२०० पर्यंतच. मॉनिटरचा पोर्ट २.० असला आणि केबल कितीही भारी घेतली, तरी संगणक १.४ चा असेल तर व्यवहार १.४ च्या हिशेबानेच होतो.

हा प्रश्न फक्त दहा-बारा वर्षं जुन्या यंत्रांचा आहे असं समजू नये. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सचा एचडीएमआय दहाव्या पिढीपर्यंत मुळात १.४ चाच आहे. काही मदरबोर्डांवर वेगळी चिप बसवून २.० दिलेला असतो, पण तसं असेल तर बोर्डाच्या माहितीत ‘फोर-के ६० हर्ट्झ’ असं स्वच्छ लिहिलेलं सापडतं. नुसतं ‘फोर-के सपोर्ट’ लिहिलं असेल तर ते ३० धरून चालावं.

हाच घोळ ग्राफिक्स कार्डातही झाला. नवी पेठेतल्या दुकानातून जीटी ७१० कार्ड आलं. दुकानदार म्हणाला, “मालक, फोर-के चालतंय की यावर, खोक्यावर लिहिलंय बघा.” खोक्यावर लिहिलेलं खोटं नव्हतं. जीटी ७१० चा एचडीएमआयही १.४ च आहे, फोर-के चालतं ते ३० वर. पण कार्ड बसवल्यावर एक वेगळीच गोष्ट घडली: रिफ्रेश रेटच्या यादीत ६० दिसू लागलं. निवडलं तर लागलंही. माउस लोण्यासारखा फिरू लागला आणि प्रकरण मिटलं असं वाटलं.

खरा धोका इथे होता. त्या पिढीच्या एनव्हिडिया कार्डांचा ड्रायव्हर १.४ च्या तारेतून ६० हर्ट्झ पाठवण्यासाठी रंगाची माहिती कापतो. या पद्धतीला वायसीबीसीआर ४:२:० म्हणतात. उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, पण रंगाची माहिती दोन बाय दोनच्या चौकडीला मिळून एकच. त्यामुळे पिक्सेल क्लॉक निम्मा होऊन पुन्हा २९७ वर येतो. सिनेमा बघताना हे कळत नाही, काळ्या-पांढऱ्या अक्षरांतही फारसं जाणवत नाही. जकार्डच्या ग्राफमध्ये मात्र रंग शोभेसाठी नसतो. एक रंग म्हणजे एक बांधणी. निळ्या घरांमध्ये एका घराची लाल रेघ असेल तर चार पिक्सेलचा रंग एकत्र होऊन ती जांभळट, धुरकट दिसते. दोन लाल घरं शेजारी आहेत की एकच आहे, हे सांगता येत नाही. ज्या एका घराच्या चुकीसाठी मॉनिटर घेतला तीच चूक यात झाकली जात होती, आणि जुन्या मॉनिटरपेक्षा वाईट रीतीने, कारण आता सगळी घरं दिसताहेत असा भरवसा होता.

ओळखायचं कसं? विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंग्ज’. तिथे रिफ्रेश रेटच्या जवळच ‘कलर फॉरमॅट’ लिहिलेला असतो. ‘आरजीबी’ असेल तर ठीक. ‘४२०’ दिसलं तर रंग कापले जात आहेत. त्याच पानावर ‘डेस्कटॉप रिझोल्युशन’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह सिग्नल रिझोल्युशन’ असे दोन आकडे असतात. ते सारखे नसतील तर मधे कुणीतरी चित्र ताणतंय.

आकड्यांवर विसंबायचं नसेल तर डोळ्यांनी पाहायची चाचणी आहे, आणि तिचं साधन प्रत्येक विणकाम कारखान्यात असतं: धागे मोजायचं एक इंची भिंग. डिझाइन सॉफ्टवेअरमध्येच २६८८ घरांची कोरी फाइल घ्यावी. वरच्या अर्ध्यात एक उभी रेघ काळी, एक पांढरी, अशी एकेक घराची आलटून-पालटून भरावी. खालच्या अर्ध्यात तशाच लाल आणि निळ्या. मग एकास एक आकारात उघडावी. रीड आणि पिकच्या (उभ्या-आडव्या धाग्यांच्या दाटीच्या) प्रमाणानुसार ग्राफ ताणून दाखवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती या वेळी बंद हवी, नाहीतर चाचणी फसते. काळा-पांढरा भाग एकसारखा राखाडी दिसला पाहिजे. त्यात रुंद पट्टे किंवा लाटा दिसल्या तर चित्र कुठेतरी ताणलं जातंय. २७ इंची फोर-के पडद्यावर एका इंचात १६३ पिक्सेल येतात, म्हणजे भिंगाच्या चौकटीत काळ्या-पांढऱ्याच्या ८१-८२ जोड्या स्पष्ट मोजता आल्या पाहिजेत. लाल-निळ्या भागात भिंगाखाली लाल आणि निळी रेघ वेगळी दिसली पाहिजे. सगळंच जांभळं दिसलं तर ४:२:० लागलेलं आहे. जीटी ७१० वर लाल-निळं नापास झालं. दुखणं एका नजरेत कळलं.

उपाय एकच होता: निदान एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असलेलं कार्ड. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये १७.२८ गिगाबिट प्रतिसेकंद डेटा जातो. फोर-के ६० ला आठ बिटांच्या पूर्ण रंगात मोकळ्या जागेसह जास्तीत जास्त १४.२६ गिगाबिट लागतात, म्हणजे तिथे आरामात जागा आहे. या यंत्रात जीटी १०३० बसवलं. एचडीएमआय २.० बी, वीज ३० वॅट, वेगळी पॉवर केबल लागत नाही आणि बुटक्या कॅबिनेटसाठी छोटी पट्टीही मिळते. घेताना खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलेलं पाहूनच घ्यावं. याच नावाने डीडीआर४ चं कार्डही विकलं जातं, आणि त्याच्या मेमरीचा वेग ४८ च्या जागी १६.८ जीबी प्रतिसेकंद आहे. सेकंडहँड बाजारात क्वाड्रो पी४०० मिळत असेल तर तेही चांगलं: ३० वॅट आणि तीन मिनी डिस्प्लेपोर्ट. मिनी ते मोठ्या डिस्प्लेपोर्टची केबल तेवढी सोबत घ्यावी लागते.

कार्ड नवं तितकं चांगलं, हा नियम जुन्या मदरबोर्डाला लागू होत नाही. इंटेलची आर्क कार्डं ‘रिसाइझेबल बार’ची (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देण्याची) सोय असलेल्या बोर्डासाठी आहेत, एच८१ मध्ये ती धरू नये. बरीच नवी कार्डं यूईएफआय बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या प्रोग्रामची, अपेक्षा ठेवतात. जुना बायोस त्यांना ओळखतच नाही आणि चालू केल्यावर पडदा काळा राहतो. आणखी एक खाचखळगा: एनव्हिडियाच्या ९०० आणि १००० मालिकेच्या काळातल्या काही कार्डांना डिस्प्लेपोर्ट १.४ चा मॉनिटर जोडला की विंडोज येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसत नाही, कधी संगणक तिथेच अडकतो. त्यावर एनव्हिडियाने फर्मवेअर अपडेट दिलेला आहे. तो करायचा नसेल तर मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट १.२ निवडावा. फोर-के ६० साठी तेवढा पुरतो.

बसवताना पहिलं काम धुळीचं. माग चालतात तिथली लव कॅबिनेटमध्ये नमद्यासारखी बसलेली असते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, भरधाव फिरू देऊ नये. वीज बंद, पिन काढलेली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावलेला, मग कार्ड लांब स्लॉटमध्ये खटका बसेपर्यंत दाबायचं. बायोसमध्ये दोन गोष्टी: मुख्य डिस्प्ले ‘पीईजी’, म्हणजे कार्डावरचा, आणि अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवायचा, म्हणजे ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ एनेबल. नावं बोर्डागणिक थोडी वेगळी असतात. मॉनिटरची केबल आता कार्डात लावायची, मदरबोर्डात नाही. ‘कार्ड टाकल्यापासून काळा पडदा’ या तक्रारीत पहिल्यांदा केबल कुठे लावली आहे तेच पाहावं.

केबल ‘प्रीमियम हाय स्पीड’चं लेबल असलेली, दोन मीटरपर्यंतची. लांब किंवा साधी केबल असली की पडद्यावर ठिपके चमकतात, किंवा दोन सेकंद काळोख होऊन चित्र परत येतं. डिस्प्लेपोर्टच्या काही हलक्या केबलमध्ये तर विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, जी जोडायची नसते. मग मॉनिटरची ३.३ व्होल्ट वीज संगणकाच्या कार्डात उलटी जाते आणि संगणक चालू होताना अडखळतो. मॉनिटरच्या खोक्यातली केबल असताना दुसरी शोधू नये.

एवढं करूनही यादीत ३० च होतं. कारण मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआय १.४ वर ठेवलेला होता. बरेच उत्पादक जुन्या यंत्रांची सोय म्हणून ही निवड देतात, आणि तिचं नाव प्रत्येकाचं वेगळं: कुणी ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ म्हणतं, कुणी ‘यूएचडी कलर’. ती २.० वर नेल्यावर ६० हर्ट्झ आरजीबी लागलं. शेवटची दुरुस्ती एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये: ‘चेंज रिझोल्युशन’मध्ये खाली रंगाचं सेटिंग आरजीबी आणि ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल. एचडीएमआयवरून फोर-के दिसलं की ड्रायव्हर त्याला टीव्ही समजून मर्यादित रेंज लावू शकतो. मग ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच छटा जातात, आणि काळा रंग राखाडी पडतो.

भिंगाची चाचणी आता दोन्ही भागांत पास व्हायला हवी होती, पण काळ्या-पांढऱ्या भागात लाटा आल्या. तारेतून पूर्ण चित्र जात होतं, ताणणारा आता विंडोज होता. २७ इंची फोर-के दिसला की विंडोज आपणहून १५० टक्के स्केलिंग लावतो, नाहीतर अक्षरं वाचता येत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरला स्केलिंग कळत नाही. विंडोज त्याला सांगतो की पडदा २५६० × १४४० चा आहे, आणि त्याने काढलेलं चित्र दीडपट ताणून दाखवतो. एका घराला दीड पिक्सेल येतो, आणि १२८ घरं पुन्हा बाहेर. फोर-केचे पैसे भरून १४४० चा धुरकट मॉनिटर हाती येतो.

यावर उपाय सॉफ्टवेअरच्या .ईएक्सई फाइलवर आहे: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, खाली ‘ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेवियर’वर टिक आणि यादीतून ‘अ‍ॅप्लिकेशन’. ‘सिस्टिम’ किंवा ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडू नये, त्यात ताणणं चालूच राहतं. विंडोज ७ असेल तर याच कॉम्पॅटिबिलिटीच्या पानावर ‘डिसेबल डिस्प्ले स्केलिंग ऑन हाय डीपीआय सेटिंग्ज’ ही टिक असते. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडल्यावर पूर्ण २६८८ घरं दिसली, भिंगाखाली सगळ्या जोड्या मोजता आल्या, आणि बाकीच्या विंडोजची अक्षरं १५० टक्क्यांनी मोठीच राहिली.

याची किंमत मोजावी लागते ती डोळ्यांना. सोळा पिक्सेलचं बटण जुन्या मॉनिटरवर साडेचार मिलिमीटरचं दिसायचं, नव्यावर अडीच मिलिमीटरचं. काही डायलॉगमध्ये अक्षरं कापली गेली. दिवसभर असं काम करायला डिझायनरला सांगणं बरोबर नाही. म्हणून जुना २४ इंची मॉनिटर फेकला नाही. तो मदरबोर्डाच्या डीव्हीआयला १०० टक्क्यांवर जोडला आणि सॉफ्टवेअरच्या सुट्या पट्ट्या, रंग, बांधण्यांची यादी तिकडे नेली. बटणं पुन्हा साडेचार मिलिमीटरची झाली आणि फोर-केवर फक्त ग्राफ उरला. बायोसमध्ये अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवलं होतं ते यासाठीच. ज्या सॉफ्टवेअरच्या पट्ट्या सुट्या होत नाहीत तिथे २७ ऐवजी ३२ इंची फोर-के घ्यावा. बटण जवळपास तीन मिलिमीटरचं होतं. तो फरक आकड्यात लहान दिसतो, आठ तासांच्या कामात लहान नसतो.

रंगाचा प्रश्न स्वतंत्र आहे. अशा मॉनिटरचा रंगपल्ला जुन्यापेक्षा मोठा असतो, आणि जुनं सॉफ्टवेअर रंगाचं प्रोफाइल वाचत नाही. नेहमीचा लाल भडक दिसतो, मरून उजळतो, आणि डिझायनर तो उतरवायला जातो. मग रंगवलेलं सूत फिकं पडतं. मॉनिटरच्या मेनूत ‘एसआरजीबी’ मोड लावावा, विंडोजमधला एचडीआर बंद ठेवावा. बऱ्याच मॉनिटरवर या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येत नाही, तेव्हा खोलीतला उजेड तरी ठरलेला हवा. सोलापूरचं दुपारचं ऊन खिडकीतून थेट पडद्यावर येत असेल तर जाड पडदा लावल्याशिवाय शेड कार्डशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. ग्राफमधले बांधणीचे रंग मात्र असेच राहू द्यावेत, ते एकमेकांपासून वेगळे दिसले की पुरे.

हेच काम दुसऱ्या यंत्रावर करायचं असेल तर मार्ग बदलतो. चौथ्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉपमागे डिस्प्लेपोर्ट असेल, आणि ऑफिससाठी बनलेल्या ब्रँडेड यंत्रांत तो बऱ्याचदा असतो, तर कार्ड लागतच नाही. त्याच पोर्टातून फोर-के ६० मिळतं. तिसऱ्या पिढीचा डिस्प्लेपोर्ट १.१ चा आहे, तिथे मिळत नाही. डिस्प्लेपोर्ट संगणकाला आणि एचडीएमआय मॉनिटरला असेल तर ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि ‘फोर-के ६०’ लिहिलेलाच अ‍ॅडॉप्टर घ्यावा. साधा अ‍ॅडॉप्टर ३० वर अडतो. संगणकात एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट, अशा उलट्या दिशेला ती केबल चालतच नाही, वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. १.४ एचडीएमआयच्या जुन्या लॅपटॉपला कार्ड बसवता येत नाही. यूएसबी ३ चा डिस्प्लेलिंक डॉक चित्र दाबून पाठवतो, पत्रं-हिशेबाला ठीक, ग्राफला नाही. आणि ५१२० × २८८० चा फाइव्ह-के मॉनिटर मनात असेल तर त्याला ६० हर्ट्झवर साधारण साडेबावीस गिगाबिट लागतात, डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये ते बसत नाही. त्यातले काही मॉनिटर तर फक्त थंडरबोल्टच घेतात. अशा वेळी आधी संगणकाचा विचार करावा.

या कारखान्यात दोन गोष्टी कायमच्या ठरवून टाकल्या. आय५-४५७० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणून हे यंत्र इंटरनेटपासून तोडलं, डिझाइन पेनड्राइव्हने जातात आणि पेनड्राइव्ह आधी ऑफिसच्या संगणकावर तपासला जातो. दुसरी, ड्रायव्हर नव्याने टाकला की रंगाचं सेटिंग मूळपदावर जाऊ शकतं. तेव्हा चाचणीची फाइल डेस्कटॉपवरच ठेवली आहे. ड्रायव्हरला हात लागला किंवा केबल हलली की ग्राफ मागावर पाठवण्याआधी ती उघडायची आणि लाल-निळ्या भागावर भिंग ठेवायचं.